एका घटकाचा पाठ : कायमोट्रिप्सिनची स्फटिकरचना आणि कार्य

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या ॲमिनो अम्लांतून ठराविक क्रमाने गुंफली गेलेली साखळी होय. हा क्रम ‘वाचणे’ असा शब्दप्रयोग जीवरसायनात रूढ आहे. भाषेच्या अभ्यासकाला तो केवळ आलंकारिक वाटण्याचा संभव आहे. तथापि कायमोट्रिप्सिन या एंझाइमाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरला. तेथे एका घटकाचे वाचन चुकले होते, आणि ते दुरुस्त होईपर्यंत या एंझाइमाच्या कार्याचा नीट उलगडा होऊ शकला नाही. त्या दुरुस्तीच्या अनुषंगाने एंझाइमाची रचना व कार्य यांचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कायमोट्रिप्सिन हे अन्नातील प्रथिनांचे तुकडे करणारे पाचक एंझाइम आहे. स्वादुपिंडात ते कायमोट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात तयार होते. एरवी त्याने प्रथम स्वादुपिंडाचाच घास घेतला असता. गायीबैलांच्या कायमोट्रिप्सिनोजेनात २४५ घटक असतात. आतड्यात ट्रिप्सिन हे दुसरे एंझाइम त्यातील १५ व १६ या घटकांमधला बंध तोडते. पुढे चार घटक गळून पडतात आणि उरलेल्या २४१ घटकांच्या तीन साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकत्र राहतात. सोळाव्या घटकाचे नव्याने मोकळे झालेले टोक रेणूच्या आत वळून १९४ व्या घटकाशी जखडले जाते, आणि त्यायोगे कार्यस्थान आकारास येते.

हे एंझाइम साखळी वाटेल तेथे तोडीत नाही. फेनिलॲलनीन, टायरोसीन किंवा ट्रिप्टोफॅन यांच्या लगेच पुढचा बंध ते प्रामुख्याने तोडते. या तिघांची मोठी, पाण्याशी फटकून असणारी वलये सामावतील अशी एक खोबण त्याच्या पृष्ठभागी आहे. ट्रिप्सिनमध्येही अशीच खोबण असते. पण तिच्या तळाशी, १८९ व्या स्थानी, सेरीनऐवजी ऋणभारित ॲस्पार्टिक अम्ल असते. म्हणून ट्रिप्सिन धनभारित लायसीन व आर्जिनीन यांची निवड करते.

खरा प्रश्न तोडण्याच्या क्रियेचा होता. साध्या पाण्यात पेप्टाइड बंध आपोआप तुटावयास शेकडो वर्षे लागतात. एंझाइम ते काम क्षणार्धात करते. १९५ व्या स्थानचे सेरीन व ५७ व्या स्थानचे हिस्टिडीन यांत गुंतलेले आहेत, हे रासायनिक प्रयोगांवरून आधीच कळले होते. परंतु सेरीन हे एरवी मंद वृत्तीचे असते. याच सेरीनला एवढी तीव्र क्रियाशीलता कोठून यावी?

ब्रायन हार्टली यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रमात १०२ व्या स्थानी ॲस्पॅराजीन दिलेले होते. ॲस्पॅराजीन आणि ॲस्पार्टिक अम्ल यांच्यात फरक अगदी थोडा आहे: पहिल्यात ज्या जागी नायट्रोजनयुक्त गट असतो, तेथे दुसऱ्यात ऑक्सिजन असतो. शिवाय विश्लेषणासाठी प्रथिन अम्लात उकळले की ॲस्पॅराजीनचे ॲस्पार्टिक अम्लात रूपांतर होते. त्यामुळे मूळचा घटक कोणता, हे अप्रत्यक्ष पुराव्यावरूनच ठरवावे लागे. असा पाठ चुकणे अस्वाभाविक नव्हते.

१९६७ मध्ये केंब्रिज येथे डेव्हिड ब्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या एंझाइमाची स्फटिकरचना उलगडली. क्रमात एकमेकांपासून दूर असलेले घटक ५७, १०२ व १९५ हे साखळीच्या घड्यांमुळे शेजारी आलेले दिसले. १०२ वा घटक पाण्यापासून दूर, रेणूच्या आत दडलेला असून त्याचा हिस्टिडीनशी हायड्रोजन-बंध होता. नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या इलेक्ट्रॉनांची संख्या जवळजवळ सारखी असल्याने नुसत्या चित्रावरून घटकाची ओळख पटणे शक्य नव्हते. मात्र त्याची जागा विचारात पाडणारी होती. त्या अंशाचे रासायनिक विश्लेषण पुन्हा केले असता तेथे ॲस्पार्टिक अम्ल असल्याचे निष्पन्न झाले. ब्लो, बिर्क्टोफ्ट व हार्टली यांनी ही दुरुस्ती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. स्वतःचा पाठ दुरुस्त करणाऱ्यांत हार्टली स्वतः होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या पाठाने क्रियेची संगती लागली. सेरीनचा ऑक्सिजन पेप्टाइड बंधातील कार्बनवर चाल करून जातो, तेव्हा त्याचा प्रोटॉन हिस्टिडीन स्वीकारते आणि तुटणाऱ्या तुकड्याच्या नायट्रोजनला देते. एक तुकडा सुटतो, दुसरा तात्पुरता सेरीनला चिकटून राहतो. मग पाण्याचा रेणू येऊन त्यालाही सोडवितो. ॲस्पार्टिक अम्लाचा ऋणभार हिस्टिडीनला योग्य दिशेने धरून ठेवतो आणि त्यावर येणाऱ्या धनभारास आधार देतो. प्रोटॉन पुढे ॲस्पार्टिक अम्लापर्यंत पोचतो, अशी ब्लो यांची कल्पना होती. परंतु ट्रिप्सिनच्या स्फटिकांवरील न्यूट्रॉन-विवर्तनाने १९८१ मध्ये तो हिस्टिडीनवरच राहत असल्याचे दाखविले. पाठ टिकला, भाष्य मात्र बदलले.

पाठाची अंतिम कसोटी १९८७ मध्ये झाली. ट्रिप्सिनमध्ये याच स्थानी जनुकीय फेरफाराने ॲस्पॅराजीन मुद्दाम बसविण्यात आले. म्हणजे जुना चुकीचा पाठ प्रत्यक्षात लिहून पाहिला गेला. उदासीन माध्यमात एंझाइमाचा वेग सुमारे दहा हजार पटींनी घटला.

या इतिहासातून अभ्यासपद्धतीविषयी एक गोष्ट स्पष्ट होते. क्रमाच्या वाचनाने घटकांची ओळख दिली, स्फटिकाने त्यांचे परस्परसंबंध दाखविले. परंतु एकट्याने दोहोंपैकी कोणतेही साधन पुरेसे नव्हते. संदर्भाने शंका उपस्थित करावी आणि मूळ साधनाकडे परत जाऊन तिचा निर्णय घ्यावा, हा पाठचिकित्सेचा नियम येथेही तंतोतंत लागू पडला.