एका दिवसात ताडोबा : स्वतःच्या गाडीनं निघताय? मग आधी गेट, वेळ आणि अंधार यांचा हिशेब करा

चंद्रपूर : पहाटेचे सहा वाजलेत. मोहर्लीच्या गेटवर एक गाडी येऊन थांबते. आत आजी-आजोबा, दोन लेकरं आणि पुण्याहून आलेले जावईबापू. तिकीट आहे, ओळखपत्रं आहेत, डबाही आहे. पण तिकीट निघतं कोलारा गेटचं! नकाशात मोहर्लीहून कोलाऱ्याला जाणारा सरळ रस्ता दिसतो, पण तो जातो जंगलाच्या पोटातून, आणि त्यावरून आपली गाडी सोडत नाहीत. बाहेरून वळसा घालायचा तर दोन तासांहून जास्त वेळ. तोवर सकाळची सफारी संपत आलेली असते. पैसे गेले, लेकरं रडवेली झाली, आणि दोष कोणाला द्यायचा?

"वाघ पाहायला पैसे कशाला? तो तर आमच्या तुरीत येऊन बसतो," असं आपल्या जिल्ह्यात गमतीनं म्हणतात. पण घरी पाव्हणे आले, लेकरांना सुट्ट्या लागल्या, की ताडोबाचं नाव निघतंच. रिसॉर्टमध्ये राहणं प्रत्येकाच्या खिशाला परवडत नाही. सकाळी निघायचं आणि संध्याकाळी घरी, असाच बहुतेकांचा बेत असतो. हा बेत जमतो. फक्त तो आपल्या सोयीनं आखायचा नसतो, जंगलाच्या वेळेनं आखायचा असतो.

ताडोबा म्हणजे नेमकं काय?

ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली झालं. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं आणि पुढे दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प तयार झाला. आतला गाभा, म्हणजे कोअर, सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा. त्याच्या भोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा बफर आहे.

हा फरक नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. कोअरमध्ये पर्यटन ठराविक रस्त्यांवर आणि कडक नियमांत चालतं. बफरमध्ये जंगलही आहे, गावंही आहेत, शेतीही आहे. वाघ ही सीमा मानत नाही. म्हणूनच बफरच्या सफारीतही वाघ दिसतो, आणि बफरमधल्या डांबरी रस्त्यावरही दिसतो.

आपली गाडी कुठवर चालते?

फक्त गेटपर्यंत. पूर्वी खाजगी गाड्या आत जायच्या, म्हणून गावातली मोठी माणसं अजून सांगतात, "आम्ही आपली जीप घेऊन तळ्यापर्यंत गेलो होतो." आता तसं नाही. सफारी करायची ती नोंदणी झालेल्या जिप्सीतून, सोबत गाईड घेऊन. एका जिप्सीत जास्तीत जास्त सहा पर्यटक. आपली गाडी गेटवरच्या पार्किंगमध्ये ठेवायची.

गेट कोणतं निवडायचं?

कोअरची गेटं सहा आहेत : मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, झरी आणि पांगडी. बफरची गेटं त्याहून बरीच जास्त आहेत. आपला तालुका बघून जवळचं गेट धरा.

– चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, कोरपना, गोंडपिपरी : मोहर्ली. बफरसाठी आगरझरी, देवाडा-अडेगाव, जुनोना. चंद्रपूरहून मोहर्ली साधारण ३० किलोमीटर आहे.
– भद्रावती : मुधोलीकडून खुटवंडा किंवा मोहर्ली.
– वरोरा, चिमूर आणि नागपूरकडून येणारे पाव्हणे : नवेगाव किंवा कोलारा. बफरसाठी अलिझंझा, मदनापूर, निमढेला.
– मूलकडची मंडळी : झरी किंवा पांगडी.

इथं एक खाचखळगा आहे. काही नावं कोअर आणि बफर दोन्हींत येतात. कोलारा कोअर वेगळं, कोलारा बफर वेगळं. नवेगावचंही तसंच. बुकिंग करताना घाईत चुकीच्या ओळीवर बोट पडलं की सगळा दिवस बिघडतो. पैसे भरण्याआधी गेटचं नाव, कोअर की बफर, तारीख आणि सकाळ की दुपार या चार गोष्टी मोठ्यानं वाचा. घरातल्या दुसऱ्या माणसालाही वाचायला लावा.

बुकिंग करताना फसू नका

बुकिंग ऑनलाईन होतं, ते वन विभागाच्या ताडोबाच्या अधिकृत संकेतस्थळावर. गुगलवर शोधलं की त्याच नावाशी मिळत्याजुळत्या कितीतरी खाजगी साईट वर येतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघा. नसेल तर ती सरकारी साईट नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर "कन्फर्म जिप्सी, आजच अ‍ॅडव्हान्स टाका" असा मेसेज आला आणि हातात तिकीट नाही, तर पैसे पाठवू नका.

खर्चाचा हिशेब असा : प्रवेश शुल्क, जिप्सीचं भाडं आणि गाईडचं मानधन. जिप्सीत तिघं बसले काय आणि सहा बसले काय, भाडं पूर्ण गाडीचंच लागतं. म्हणून दोन घरांनी मिळून सहा जणांचा मेळ घातला तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च बराच कमी येतो. शनिवार-रविवार आणि सणासुदीला दर जास्त असतो, जागाही लवकर संपतात. मधल्या वारी जा. कोअरपेक्षा बफरची सफारी स्वस्त पडते. पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाला बफरही पुरेसं आहे, त्यात कमीपणा काही नाही.

तिकिटावर ज्यांची नावं, तीच माणसं आत जातात. "काकाऐवजी मामा येतात" हे चालत नाही. बुकिंगमध्ये ज्या ओळखपत्राचा नंबर दिला, ते मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. गेटजवळ रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून तिकिटाचा कागदी प्रिंट घरूनच काढून न्या.

कोणत्या दिवशी जाऊ नये?

मंगळवारी कोअर बंद असतं. पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर पूर्ण बंद. या काळात बफरची काही गेटं सुरू असतात, पण चिखल आणि पाऊस धरूनच जावं लागतं.

एप्रिल-मे मध्ये पाणी आटतं, जनावरं पाणवठ्यावर येतात, त्यामुळे वाघ दिसण्याची शक्यता जास्त. पण आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. म्हातारी माणसं आणि लहान लेकरं सोबत असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. मात्र हिवाळ्यात उघड्या जिप्सीत पहाटेचा गारठा हाडात शिरतो. कानटोपी आणि एक घोंगडी नक्की घ्या.

सकाळची सफारी की दुपारची?

एका दिवसात घरून येऊन परत जायचं असेल तर सकाळची घ्या. कारण साधं आहे. दोन्ही सफाऱ्या साधारण चार-चार तासांच्या. दुपारची संपते तेव्हा दिवस मावळलेला असतो. थकलेला ड्रायव्हर, झोपलेली लेकरं आणि समोर बफरचा अंधारा रस्ता. तीच वेळ जनावरं रस्त्यावर येण्याची.

सकाळच्या सफारीला जाताना अंधार लागतो हे खरं. पण ड्रायव्हर ताजातवाना असतो, आणि परतीचा पूर्ण प्रवास उजेडात होतो. ज्यांना पहाटेचं हे अंतर जास्त वाटतं, त्यांनी आदल्या रात्री चंद्रपूर किंवा चिमूरला नातेवाइकांकडे मुक्काम करावा.

राजुऱ्याच्या कुटुंबाचा हिवाळ्यातला दिवस समजा :

पहाटे ४.१५ : घरून निघणं. गाडीची टाकी आदल्या दिवशीच भरलेली, स्टेपनीत हवा बघितलेली.
५.०० : चंद्रपूर.
५.५० : मोहर्ली गेट. तिकीट तपासणी, जिप्सी आणि गाईड मिळणं यात अर्धा तास जातोच.
६.३० च्या सुमारास : आत प्रवेश. उन्हाळ्यात ही वेळ साडेपाच किंवा त्याहूनही लवकर असते. तिकिटावरची वेळ हीच खरी.
१०.३० : बाहेर. मोहर्लीत नाश्ता किंवा घरचा डबा.
१२.०० : परतीचा प्रवास.
दुपारी : चंद्रपुरात महाकालीचं दर्शन, गोंडकालीन परकोट. वरोऱ्याकडे जाणाऱ्यांनी भद्रावतीची विजासन लेणी किंवा बाबा आमटेंनी १९४९ मध्ये सुरू केलेलं आनंदवन बघावं.
दिवस मावळायच्या आत : घरी.

बफरचा रस्ता, सगळ्यात महत्त्वाचं

जिप्सीत बसल्यावर तुमची काळजी गाईड घेतो. गेटपर्यंतचा रस्ता मात्र तुमच्या हातात असतो, आणि एका दिवसाच्या सहलीतला खरा धोका तिथंच आहे.

या रस्त्यावर वेग ४० च्या वर नेऊ नका. चितळ एक आडवं गेलं की मागून दुसरं येणार हे धरून चाला. रानडुक्कर आणि नीलगाय तर गाडीच्या उजेडानं बावरून उलट अंगावर येतात. जनावरांइतकीच माणसंही जपा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे मध्ये तेंदूपत्त्याला बायाबापड्या झुंजूमुंजूलाच निघतात. रस्त्याच्या कडेनं टोपली घेऊन चाललेली माणसं अंधारात दिसत नाहीत. आधीच ती वाघाच्या भीतीनं जीव मुठीत धरून चालत असतात. त्यात आपली सुसाट गाडी नको.

समोर वाघ दिसला तर गाडी लांबच थांबवा, काचा वर करा. हॉर्न वाजवू नका, खाली उतरू नका, फोटोसाठी पुढे सरकू नका. तो जाईपर्यंत थांबा. लघवीसाठीसुद्धा झुडपाकडे जाऊ नका, गावात किंवा गेटवर सोय बघा. आणि दुचाकीनं पहाटे किंवा सांजेला या रस्त्यावर जाऊच नका. मग मित्रांनी कितीही आग्रह केला तरी.

रस्त्यात जखमी जनावर दिसलं किंवा काही अडचण आली तर वन विभागाची १९२६ ही हेल्पलाईन आहे.

आत गेल्यावर

कोअरमध्ये मोबाईल वापरायला मनाई आहे. घरच्यांना तसं आधीच सांगून ठेवा. भडक कपडे नकोत. प्लास्टिकची बाटली नको, स्टीलची घ्या. जिप्सीतून उतरायचं नाही.

आणि गाईड-ड्रायव्हरला "अजून जवळ घे, दोनशे जास्त देतो" असं म्हणू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं. त्याचा व्हिडिओ पसरला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली आणि जिप्सीचालक व गाईडवर कारवाई झाली. पर्यटक हौस करून घरी जातो, रोजगार मात्र गावातल्या पोराचा जातो. ती पोरं आपलीच आहेत.

वाघ नाही दिसला तर?

बरेचदा दिसत नाही. पैसे वसूल झाले नाहीत असं वाटतं. पण ताडोबा म्हणजे काही वाघाचा पिंजरा नव्हे. तळ्याच्या काठावर पडलेली मगर बघा. रानगवा, रानकुत्र्यांची टोळी, अस्वल बघा. रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळातले उंच दगडी खांब आहेत, ते गाईडला दाखवायला सांगा. ज्या तारू देवावरून ताडोबा हे नाव पडलं, त्याचं ठाणं तळ्याकाठीच आहे. तारू हा गावाचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना गेला, असं आदिवासी बांधव सांगतात.

जामणी, नवेगाव ही गावं जंगलासाठी उठून बाहेर आली. जिथं त्यांची घरं आणि शेतं होती, तिथं आज गवताची कुरणं आहेत, आणि त्या कुरणात चितळाच्या मागे वाघ येतो. जिप्सी तिथं थांबली की लेकरांना एवढं जरूर सांगा : इथं आपल्यासारखीच माणसं राहत होती. ती उठली म्हणून आज हा वाघ आपल्याला दिसतोय.

निघण्याआधी एकदा तपासा

तिकिटाचा प्रिंट, गेटचं नाव, कोअर की बफर. मूळ ओळखपत्रं. भरलेली टाकी, स्टेपनी. स्टीलची पाण्याची बाटली, डबा, घोंगडी किंवा दुपट्टा. नेहमीची औषधं. आणि घरी कोणाला तरी सांगून ठेवा की आपण कोणत्या गेटवर जातोय आणि किती वाजेपर्यंत परत येणार.