हक्काचं काम (लेखांक ७) : पोच घेतली का?

गेल्या खेपेला कबूल केलं होतं की आता गडचांदूर-आवारपूर पट्ट्यातल्या सिमेंट कारखान्यांच्या कंत्राटी कामगारांकडे वळू आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा हिशेब मांडू. तो पुढच्या आठवड्यावर टाकतो. कारण कोरपना तालुक्यातल्या एका वाचकाने चिठ्ठी धाडली आहे. तेलंगणातून मिरची तोडून घरी परतले, महिन्यापूर्वी रोजगार हमीच्या कामासाठी रोजगार सेवकाकडे नाव दिलं, काम अजून नाही. 'तुम्ही भत्ता भत्ता लिहिता, तो मागायचा कुठं?' मी उलट विचारलं, मागणीच्या अर्जाची पोच आहे का? उत्तर आलं, 'पोच कायले पाह्यजे? नाव तं वहीत लिवलं ना!'

तेव्हा आज फक्त पोच.

वहीत नाव असेलही. पण रोजगार हमीत दिवस मोजायला सुरुवात होते ती लेखी मागणीच्या तारखेपासून, आणि ती तारीख मजुराच्या हातात राहते ती पोचेवरच. २००५ च्या कायद्याप्रमाणे मागणीनंतर पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगारी भत्ता लागू होतो. पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढे किमान निम्मा. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर रोजचे ३१२ रुपये होता, म्हणजे त्या दराने भत्ता आधी ७८ आणि नंतर १५६ रुपये. नमुना ४ भरून चौदा दिवसांचं काम मागितलं आणि एकही दिवस मिळालं नाही, तर १,०९२ रुपये होतात. कापूस वेचून झालेला, तेंदूपत्ता अजून सुरू व्हायचा, अशा मधल्या रिकाम्या दिवसांत ही रक्कम किराण्याची उधारी फेडते.

मग पोच देताना हात आखडतो का? २००५ च्या कायद्याप्रमाणे अंगमेहनतीची मजुरी केंद्राच्या पैशातून, भत्ता मात्र राज्याच्या स्वतःच्या तिजोरीतून. कायदा लिहिणाऱ्यांचा हेतू सरळ होता. काम काढलं नाही तर राज्याला चटका बसावा, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली, 'शेल्फवरची' कामं वेळेत सुरू होतील. घडलं उलटंच. चटका टाळायचा सोपा मार्ग म्हणजे मागणीच नोंदवायची नाही. नाव तोंडी घ्यायचं, काम मंजूर होऊन ई-मस्टर (हजेरीपट) निघायची वेळ आली की मग संगणकात मागणी चढवायची. कागदावर आज मागितलं, चार दिवसांत मिळालं. मधले दीड-दोन महिने कुठल्याच रकान्यात दिसत नाहीत, आणि भत्त्याचा रकाना रिकामा राहतो. एवढी वर्षं या विषयाचे कागद चाळतोय. मला विचाराल तर सगळ्या योजनेतली सर्वांत मोठी गळती हीच, आणि ती पैशाची नाही, तारखेची आहे.

जाता जाता एक जुनी गोष्ट. हा भत्ता दिल्लीची देणगी नव्हे. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ चा महाराष्ट्राचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्यातही काम न दिल्यास भत्ता होताच, दिवसाला किमान एक रुपया! आणि योजनेच्या खर्चासाठी १९७५ पासून पगारदारांवर व्यवसाय कर बसला. आजही कोरपन्यातल्या मास्तरांच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. कशासाठी, हे किती मास्तरांना ठाऊक आहे कोण जाणे.

असो. आता पोच मिळवायची कुठं? अर्ज ग्रामपंचायतीतच द्यावा असं नाही. तो घेऊन तारखेची पोच द्यायचे अधिकार वॉर्डातल्या सदस्याला, अंगणवाडी सेविकेला, शाळेच्या शिक्षकाला, बचत गटालाही देता येतात. तुमच्या गावात ते कोणाला दिलेत, हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर ठरावात लिहून घ्या. कोणीच घेईना तर अर्ज स्पीड पोस्टाने गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवा. टपालाची पावती सांभाळा, तारखेचा पुरावा म्हणून तीच दाखवता येईल.

एक सावधगिरी मात्र हवी. मागणी केली, कामावर बोलावणं आलं आणि तुम्ही पंधरा दिवसांत हजर झाला नाहीत, तर तीन महिने भत्त्यावर पाणी सोडावं लागतं. मिरचीला जायचं ठरलेलं असताना उगाच मागणी टाकून जाऊ नका. परतीची तारीख पक्की असेल तर आगाऊ अर्ज चालतो, फक्त काम कोणत्या दिवसापासून हवं ते त्यात लिहा, कारण मग पंधरा दिवस त्या दिवसापासून मोजतात.

चिठ्ठी लिहिणाऱ्या भाऊंना एवढंच सांगतो की गेलेल्या महिन्याचा भत्ता वहीतल्या नावावर मिळवणं फार अवघड. त्यात जीव घालू नका. या आठवड्यात तुमच्यासोबत परतलेल्या सगळ्यांचा मिळून एकच अर्ज करा; सामूहिक अर्ज चालतो आणि एकट्याला परत पाठवणं जितकं सोपं, तितकं वीस जणांना नाही. प्रत्येकाचा जॉबकार्ड क्रमांक नावासमोरच घाला, पोचेवर सही-शिक्का आणि तारीख तिथंच उभं राहून तपासा, आणि झेरॉक्स प्रत्येकाच्या घरी ठेवा.