आईच्या आमटीवर बारकोड नसतो: वजन उतरवायला कॅलरी मोजायलाच हव्यात का?

ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन कानात टिकत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलेला. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः त्यात पुरता अडकलो होतो.

झालं असं. गेल्या वर्षी ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीए१सी 6.0 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटिस नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. वजन 84 किलो, वय 29. बाबांना डायबेटिस आहेच. मी घाबरलो आणि त्याच रात्री फोनवर कॅलरी मोजायचं ॲप टाकलं. रोजचं टार्गेट 1700.

पहिल्या दोन महिन्यांत पाच किलो उतरले. मी खूश. पण हळूहळू एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. पाकिटावर आकडा छापलेला असतो, बारकोड स्कॅन केला की काम झालं. आईच्या आमटीवर कुठला आलाय बारकोड? मग मी आमटी-भात टाळून प्रोटीन बार आणि ओट्सची बिस्किटं खायला लागलो. का, तर हिशोब सोपा! मुलुंडच्या आमच्या घरात संध्याकाळी मी वजनकाटा घेऊन ओट्यापाशी उभा. एकदा आई म्हणाली, "आता काय भाजीच्या कढईवर लेबल लावू का मी?" मी हसलो, ती हसली नाही. नंतर कितीतरी दिवस तिने मला "जेवायला ये" म्हणून हाक मारली नाही. ताट झाकून ठेवायची फक्त.

तेव्हा मी जरा शांतपणे वाचायला बसलो.

आपल्या महाराष्ट्रात तर हा प्रयोग लाखभर घरांतून होऊन गेलाय. आठवतंय, 2018 च्या आसपास प्रत्येक फॅमिली ग्रुपवर 'दीक्षित की दिवेकर' हे युद्ध पेटलं होतं? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, खरी भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदाच जेवा, 55 मिनिटांत उरका, मध्ये काही नाही, आणि 45 मिनिटं चाला. मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. दुसरीकडे ऋजुता दिवेकर. त्यांच्या 2009 च्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडं थोडं खायला सांगितलंय. म्हणजे दोन टोकं! पण गंमत बघा, कॅलरी मोजा असं दोघंही म्हणत नाहीत. आणि दोन्हीकडे बारीक झालेले लोक आपल्या ओळखीत आहेत. माझा एक मामा बोरिवलीचा, कट्टर दीक्षितवाला. मामी दिवेकरवाली. एकाच घरात.

मग कॅलरीचा नियम खोटा का? नाही हो. शरीराला लागते त्यापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली तरच चरबी कमी होते. मामाचा चार वाजताचा चहा-खारी बंद झाला, मामीची भूक लागून सुटणारी रात्रीची फरसाणाची वाटी बंद झाली. कॅलरी दोघांच्याही कमी झाल्या, फक्त कोणी मोजल्या नाहीत. 2018 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासातही असंच दिसलं. 609 लोक, एक वर्ष, अर्ध्यांना कमी फॅट, अर्ध्यांना कमी कार्ब. कॅलरी मोजायला सांगितलंच नव्हतं. भर भाज्या आणि कमी प्रक्रिया केलेल्या अन्नावर. सरासरी 5.3 आणि 6 किलो उतरले, दोन्ही गटांत फारसा फरक नाही.

(मधेच एक महत्त्वाचं: घरात कोणी इन्सुलिनवर किंवा शुगरच्या गोळ्यांवर असेल तर 'दोनदाच जेवण' डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. शुगर एकदम खाली जाऊ शकते.)

पण न मोजण्यातही एक फसगत आहे. 1992 मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अशा लोकांना तपासलं, जे म्हणायचे, "आम्ही 1200 कॅलरीपेक्षा कमी खातो तरी वजन हलत नाही." निघालं काय, तर ते प्रत्यक्ष खाण्यापेक्षा सरासरी 47 टक्के कमी नोंदवत होते. लबाडी नाही, अंदाजच चुकतो. माझाही चुकला होता. अंधेरीच्या ऑफिसात दिवसाला पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. दहा चमचे म्हणजे साधारण 50 ग्रॅम, 200 कॅलरी. ॲपमध्ये मी चहा लिहितच नव्हतो! आणि घाटकोपरला मेट्रोतून उतरल्यावर खाऊगल्लीतला चीज डोसा 'अर्धाच' लिहायचो, कारण मित्राने दोन घास घेतले.

म्हणून माझं मत असं झालंय: दोन आठवडे मोजा, गळती कुठे आहे ते शोधा, आणि ॲप काढून टाका. आकडा बघून जेवायची भीती वाटायला लागली असेल तर दोन आठवडेसुद्धा नको. सरळ डॉक्टरांशी बोला.

मला सगळ्यात मोठी गळती मात्र ॲपने नाही, वाण्याच्या बिलाने दाखवली. आम्ही तिघं, महिन्याला साडेचार लिटर तेल. माणशी रोज 50 मिली, म्हणजे 400 च्या वर कॅलरी नुसत्या तेलाच्या. ॲप 'एक वाटी भाजी' म्हणून काहीतरी सरासरी आकडा दाखवत होतं, त्याला आमच्या घरची फोडणी काय माहीत?

हा हिशोब मी आईला वहीत मांडून दाखवला. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हे आधी सांगायचं ना. बिस्किटं खात बसलास." आता महिन्याला तीन लिटर येतं. तेल बाटलीतून नाही, चमच्याने पडतं, आणि चमचा तिच्याच हातात असतो. माणशी रोज 130 कॅलरीच्या आसपास कमी झाल्या. माझे चहा दोनवर आलेत, तेही बिनसाखरेचे. डोसा महिन्यातून एकदा, पण आख्खा.

वजन सध्या 77 आहे. मागच्या महिन्यातलं एचबीए१सी 5.8, म्हणजे अजून उंबरठ्यावरच. बाबांनी मात्र वही मागून घेतलीय, त्यांना साखरेचा हिशोब मांडायचाय.