शंभर डोळ्यांची पेढी

महाराष्ट्राच्या शिवारात लाल रंगाचा मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर नवा नाही. चेन्नईच्या 'टॅफे' कंपनीने १९६० पासून हे नाव भारतात रुजवले. त्या काळी या नावाची मूळ कंपनी कॅनडातील टोरांटो येथे होती आणि तिची सूत्रे त्याच शहरातील दुसऱ्या एका कंपनीच्या हाती होती. या दुसऱ्या कंपनीचे नाव 'आर्गस कॉर्पोरेशन'. ती स्वतः काही बनवत नसे आणि काही विकतही नसे. तिच्या तिजोरीत इतर कंपन्यांचे समभाग असत, एवढाच तिचा धंदा.

१९४५ मध्ये ई. पी. टेलर यांनी आर्गसची स्थापना केली. बियरचे छोटे छोटे कारखाने एकत्र करून 'कॅनेडियन ब्रुअरीज' हा मोठा उद्योग त्यांनी आधीच उभा केला होता. एरिक फिलिप्स, वॉलेस मॅककचन आणि बड मॅकडुगल्ड हे त्यांचे प्रमुख साथीदार. ग्रीक पुराणातला आर्गस हा शंभर डोळ्यांचा पहारेकरी, आपल्याकडच्या सहस्राक्ष इंद्राची आठवण करून देणारा. सर्वत्र नजर ठेवणारी कंपनी, असा या नावाचा रोख असावा. टेलर यांच्या नावातील 'ई. पी.' ही आद्याक्षरे 'एक्सेस प्रॉफिट्स' म्हणजे अवाजवी नफा यासाठीच आहेत, असे त्यांचे विरोधक उपहासाने म्हणत.

आर्गसची रीत साधी होती. एखादी कंपनी पूर्ण विकत घेण्याच्या भरीस ती पडत नसे. मोठ्या कंपनीचे समभाग हजारो लोकांत विखुरलेले असतात आणि त्यांतील बहुतेक जण सभेला फिरकतही नाहीत. अशा ठिकाणी दहा-वीस टक्के समभाग एका मुठीत असले, तरी संचालक मंडळावर आपली माणसे बसवता येतात. दारू, शेती अवजारे, किराणा दुकानांची देशव्यापी साखळी 'डोमिनियन स्टोअर्स', कागद आणि रसायने बनवणारी 'डोमटार', लाकूड, रेडिओ केंद्रे, पुढे 'हॉलिंजर' ही सोन्याच्या खाणींची कंपनी, एवढा विस्तार या रीतीने झाला. १९५६ मध्ये मॅसीचे अध्यक्ष जेम्स डंकन यांना पायउतार व्हावे लागले, ते या अल्पांश मालकांच्या इच्छेमुळेच.

हीच रीत संस्थापकांनी आर्गसच्या घरातही वापरली. आर्गसच्या भांडवलाचा बराच भाग बिनमताधिकाराच्या समभागांचा होता. लोकांनी पैसे घालावेत, लाभांश घ्यावा, पण मत देऊ नये, अशी ती मांडणी. वर १९६९ मध्ये 'रेव्हलस्टन' नावाची खासगी कंपनी काढून त्यांनी आपले मताधिकाराचे समभाग तिच्यात ठेवले. म्हणजे एका पेढीवर दुसरी पेढी आणि तिच्यावर तिसरी. शंभर रुपयांच्या धंद्याचे एकावन्न रुपये एका कंपनीकडे, तिच्या भांडवलाचा एकावन्न टक्के हिस्सा दुसरीकडे आणि दुसरीचा तितकाच तिसरीकडे असला, तर सर्वांत वर बसलेल्याचे स्वतःचे जेमतेम तेरा रुपये गुंतलेले असतात. हुकूम मात्र शंभरावर चालतो.

या तटबंदीची परीक्षा १९७५ मध्ये झाली. मॉन्ट्रियलच्या 'पॉवर कॉर्पोरेशन'चे पॉल देमारे यांनी आर्गस घेण्यासाठी खुली बोली लावली. आर्गसच्या एकूण भांडवलाचा निम्म्याहून अधिक हिस्सा त्यांच्या हाती आला, पण मते आली सुमारे पाव. अर्ध्याहून अधिक धनी असूनही त्यांना दाराबाहेर थांबावे लागले. उद्योगांची सत्ता मोजक्या हातांत एकवटते आहे काय, याची चौकशी करण्यासाठी कॅनडाच्या सरकारने त्याच वर्षी शाही आयोग नेमला. आर्गसचा कारभार मात्र पूर्वीसारखाच चालू राहिला.

जिथे बाहेरच्या धनाढ्याची मात्रा चालली नाही, तिथे घरातल्या वारसाप्रश्नाने वाट मोकळी केली. फिलिप्स १९६४ मध्ये वारले, टेलर बहामा बेटांवर जाऊन राहिले. मॅकडुगल्ड एकहाती कारभार पाहत होते. त्यांना मूलबाळ नव्हते आणि उत्तराधिकारीही ठरलेला नव्हता. मार्च १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आणि फिलिप्स यांच्या पत्नी या सख्ख्या बहिणी. रेव्हलस्टनमधील निर्णायक हिस्सा आता या दोघींकडे होता. तेहतीस वर्षांच्या कॉनरॅड ब्लॅक यांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला रेव्हलस्टनमधील वडिलांचा हिस्सा दोनच वर्षांपूर्वी मिळाला होता. त्यांनी बहिणींशी करार केला आणि त्या करारातील कलमांच्या बळावर अवघ्या काही आठवड्यांत त्यांचे समभाग सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतले. कागदात नेमके काय आहे ते आपल्याला उमगले नव्हते, असे त्या बहिणींनी नंतर सांगितल्याचे तेव्हाच्या वृत्तांतांत येते. कायद्याने सही ती सही. परंतु ज्यांच्या स्वाक्षरीवर सारा डोलारा उभा होता, त्यांना कारभाराची ओळख पतींच्या हयातीतच करून द्यायला हवी होती. तो दोष ब्लॅक यांच्या पदरात टाकता येत नाही.

नव्या धन्याच्या वाट्याला पहिले आले ते मॅसीचे दुखणे. कंपनीने कर्ज काढून देशोदेशी विस्तार केला होता. जर्मनीतील 'हानोमाग' हा बांधकाम यंत्रांचा उद्योग घेण्याचा सौदा फारच महाग पडला. व्याजदर चढले, ट्रॅक्टरची मागणी घटली आणि १९७८ मध्ये मॅसीचा तोटा २५ कोटी डॉलरच्या वर गेला. लाभांश थांबला. लाभांशावर जगणाऱ्या आर्गसला हा घाव मोठा होता. बँका आणि सरकार म्हणू लागले की, इतकी वर्षे मालकी गाजवली, आता नवे भांडवल घाला. पण मुळात कमी पैशांत सत्ता, हाच जिचा पाया, तिने एवढी रक्कम आणायची कुठून? ऑक्टोबर १९८० मध्ये आर्गसने मॅसीचे आपले सगळे समभाग कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधींना दान करून टाकले. त्या समभागांना तेव्हा मोल असे फारसे उरलेच नव्हते.

पुढची विल्हेवाट झपाट्याने लागली. १९८५ मध्ये रेडिओ केंद्रे विकली गेली आणि डोमिनियनची बहुतेक दुकानेही. त्या दुकानांतील नोकरांच्या निवृत्तिवेतन निधीतून 'शिल्लक' म्हणून कोट्यवधी डॉलर काढून घेण्यात आले, तेव्हा कामगार न्यायालयात गेले आणि ती परवानगी रद्द ठरली. सोन्याच्या खाणींची हॉलिंजर आता वृत्तपत्रांची कंपनी झाली. लंडनचे 'डेली टेलिग्राफ', 'जेरुसलेम पोस्ट', 'शिकागो सन-टाइम्स' अशी पत्रे तिच्या ताब्यात आली. रचना मात्र जुनीच राहिली. वर रेव्हलस्टन, खाली आर्गस, तिच्याखाली कॅनडातील हॉलिंजर आणि तळाशी अमेरिकेतील हॉलिंजर इंटरनॅशनल. या शेवटच्या कंपनीत ब्लॅक यांच्या गटाचे भांडवल तीस टक्क्यांच्या आसपास आणि मते सत्तर टक्क्यांहून अधिक होती.

वृत्तपत्रे विकताना, त्याच भागात पुन्हा स्पर्धेत उतरणार नाही या हमीपोटी खरेदीदार रक्कम देत असत. ती कंपनीच्या खात्यात न जाता काही अधिकाऱ्यांच्या खात्यात गेली, हे सर्वसाधारण भागधारकांच्या ध्यानात आले. त्यांनी हिशोब मागितला. २००३ मध्ये ब्लॅक मुख्य कार्यकारी पदावरून दूर झाले. एप्रिल २००५ मध्ये रेव्हलस्टन न्यायालयीन व्यवस्थापकाच्या ताब्यात गेली आणि आर्गसही पाठोपाठ तिच्या मागे गेली. त्याच मे महिन्यात, टोरांटो स्ट्रीटवरील आर्गसच्या जुन्या दगडी कचेरीतून ब्लॅक तेरा खोकी बाहेर नेताना सुरक्षा कॅमेऱ्यात टिपले गेले.

२००७ मध्ये शिकागोच्या न्यायालयात ज्युरीने त्यांना फसवणुकीच्या तीन आरोपांत आणि न्यायात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरवले. अपिलात फसवणुकीचे दोन आरोप गळाले आणि शिक्षा ४२ महिन्यांवर आली. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. अडथळ्याचा तो आरोप त्या तेरा खोक्यांचाच होता, आणि अपिलातही तो टिकला होता.