नोझल मोजून शेत भिजत नाही

हरभरा वीतभर झाला की काही शेतांत एक खूण उमटते. कुठे हिरवीगार कडी, कडीच्या आत पिवळट रोपं आणि दोन कड्यांच्या मधे खुरटलेला पट्टा. दोष बियाण्याला दिला जातो, नाहीतर खताला. बऱ्याचदा तो तुषार संच घेताना न केलेल्या हिशेबाचा असतो. पाइप किती, नोझल किती, अनुदान किती, एवढं विचारून संच घरी येतो. पंप किती दाब देतो आणि जमीन तासाला किती पाणी पिते, हे दोन प्रश्न मात्र राहून जातात. पुढचे बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज 1 : जितके नोझल जास्त, तितकं ओलीत लवकर.

वस्तुस्थिती : आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या नोझलला दोन तोंडं असतात, एक 4.4 मिलिमीटरचं आणि दुसरं 3.2 मिलिमीटरचं. दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो दाब मिळाला, तर असं नोझल सेकंदाला साधारण अर्धा लिटर पाणी फेकतं. म्हणजे दहा नोझलना सेकंदाला 5 लिटर पाणी हवं. पंप तेवढंच देत असताना पंधरा नोझल जोडले, तर पाणी वाटलं जातं आणि दाब उतरतो. मग पाण्याचे तुषार होतच नाहीत. जाड थेंब नोझलपासून ठरावीक अंतरावर कड्यासारखे पडतात आणि मधली जागा कोरडी राहते. पिकात दिसणारी कडी ती हीच. जाड थेंबांच्या माऱ्याने मातीचा वरचा थरही चोपला जातो. दाब फार वाढला, तर उलटं होतं : पाण्याचं धुकं होतं आणि वारा ते बांधापलीकडे नेतो.

गैरसमज 2 : पाच एचपीची मोटर आहे, मग काळजी कसली?

वस्तुस्थिती : नुसत्या एचपीवरून काही ठरत नाही. पंपाच्या पाटीवर ‘हेड’ आणि ‘डिस्चार्ज’ असे दोन आकडे असतात, ते वाचायचे. अडीच किलो दाब म्हणजे 25 मीटर उंच पाण्याचा स्तंभ. विहिरीतलं पाणी 10 मीटर खाली असेल तर ते 10 मीटर, पाइपातल्या घर्षणाचे समजा 6 आणि रायझरचा, म्हणजे नोझलच्या उभ्या नळीचा, 1 मीटर धरला, तर एकूण हेड 42 मीटर होतं. एवढ्या उंचीवर सेकंदाला 5 लिटर चढवायला नुसतं पाण्यासाठीच 2.8 अश्वशक्ती लागते. पंपाची कार्यक्षमता 55 टक्के धरली, तर गरज पाच एचपीच्या थोडी पुढेच जाते. उन्हाळ्यात विहिरीची पातळी आणखी खाली गेली, की तीच मोटर दहा नोझलनाही पुरत नाही.

आखणीही दाबावरच ठरते. उतार असेल तर मुख्य पाइप उतारावरून न्यायचा आणि नोझलच्या उपनळ्या उताराला आडव्या टाकायच्या. एकाच उपनळीवरच्या नोझलमध्ये दाबाचा फरक 20 टक्क्यांच्या आत राहिला, तर पाण्यातला फरक 10 टक्क्यांच्या आसपास राहतो. पहिल्या आणि शेवटच्या नोझलशी प्रेशर गेज लावून हे पाहता येतं.

गैरसमज 3 : जमीन कुठलीही असो, एका जागी चार तास चालवायचं.

वस्तुस्थिती : पाइप 6 मीटरचा असतो. दर दोन पाइपांनंतर एक नोझल आणि दोन ओळींत 12 मीटर अंतर ठेवलं, तर एका नोझलच्या वाट्याला 144 चौरस मीटर जागा येते. नोझल तासाला 1800 लिटर देतं, म्हणजे जमिनीवर तासाला साडेबारा मिलिमीटर पाऊस पडतो. वालुकामय पोयट्याची जमीन तासाला 20 ते 30 मिलिमीटर पाणी मुरवते, चिकण जमीन जेमतेम 1 ते 5. काळ्या जमिनीला भेगा असतात तोवर ती घटाघटा पिते. भेगा मिटल्या की पाणी वर साचतं, सखल बाजूला वाहतं, वाफसा लांबतो आणि मुळं गुदमरतात. अशा जमिनीत बारीक तोंडाचं नोझल लावावं किंवा एका लांब पाळीऐवजी दोन आखूड पाळ्या द्याव्यात.

वेळेचाही हिशेब करून ठेवावा. एका एकराला 50 मिलिमीटर पाणी म्हणजे दोन लाख लिटर. दहा नोझल एका वेळी सुमारे 14 गुंठे भिजवतात. म्हणजे एकराला तीनदा पाइप हलवायचे आणि दर खेपेला चार तास. आठ तासांच्या विजेत एकर उरकत नाही, हे आधीच कळलेलं बरं.

गैरसमज 4 : निम्मं पाणी हवेतच उडून जातं.

वस्तुस्थिती : जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या ढोबळ मापानुसार पिकाला दिलेल्या पाण्यातलं पाटपाण्यात 60, तुषारमध्ये 75 आणि ठिबकमध्ये 90 टक्के कामी येतं. तुषारची घट होते ती मुख्यतः उन्हाच्या आणि वाऱ्याच्या वेळी. वारा ताशी 15 किलोमीटरच्या वर गेला की फवारा एकीकडे झुकतो. रात्री किंवा पहाटे ओलीत करावं. वाऱ्याचं शेत असेल तर नोझलमधलं अंतर कमी ठेवावं.

गैरसमज 5 : पाऊस सगळ्यांना चालतो, तसा तुषारही सगळ्या पिकांना चालतो.

वस्तुस्थिती : गहू, भुईमूग, हरभऱ्याला तुषार मानवतो, पण हरभरा ऐन फुलोऱ्यात असताना वरून पाणी देणं टाळतात. द्राक्षाचं पान ओलं राहिलं की केवडा रोग बळावतो आणि डाळिंबात तेल्या रोगाला वाट मिळते. तिथे ठिबकच हवं. विहिरीचं पाणी खारं असेल तर पानावरचं पाणी उडून जातं, क्षार उरतात आणि कडा करपतात.

गैरसमज 6 : बिलाचे 80 टक्के परत मिळतात.

वस्तुस्थिती : केंद्र आणि राज्याचा वाटा धरून अल्प व अत्यल्प भूधारकांना 80 आणि इतरांना 75 टक्के अनुदान आहे, पण ते शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर, बिलावर नाही. मर्यादा 5 हेक्टरची. महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, मग पूर्वसंमती आणि त्यानंतरच खरेदी. आधी संच आणून मागून अर्ज करणारा अडकतो.

गैरसमज 7 : संच एकदा बसला की पाहायला नको.

वस्तुस्थिती : पाण्यातली रेती नोझलचं तोंड झिजवते. तोंड 10 टक्क्यांनी रुंदावलं तर पाणी 21 टक्के जास्त जातं आणि बाकीच्यांचा दाब कमी होतो. कालव्याचं किंवा शेततळ्याचं पाणी असेल तर जाळीचा फिल्टर लावावा. फाटकी रबर रिंग लगेच बदलावी. एकाच ओळीत वेगवेगळ्या मापाचे नोझल लावू नयेत.

पाणी सगळीकडे सारखं पडतं का, हे तपासायला यंत्र लागत नाही. चार नोझलच्या मधल्या चौकोनात सरळ कडांचे, एकाच मापाचे रिकामे डबे सारख्या अंतरावर मांडा. वारा नसताना तासभर संच चालवा आणि प्रत्येक डब्यातलं पाणी फूटपट्टीने मोजा. साडेबारा मिलिमीटरच्या आसपास सगळीकडे सारखं असेल तर उत्तम. काही डबे कोरडे आणि काही भरलेले दिसले, तर नवे पाइप आणायच्या आधी एकेक नोझल कमी करून पुन्हा मोजा.