हिशेबात न धरलेला घसा

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्सपासून एम्स आणि सफदरजंग ही दोन्ही रुग्णालयं जवळच आहेत. घशाच्या बहुतेक दुखण्यांना एवढं जवळ असणं पुरतं. लहान मुलांच्या स्वरयंत्रावर पुन्हापुन्हा उगवणाऱ्या चामखिळींना मात्र ते पुरत नाही. मूल दोन-तीन वर्षांचं असतं, रडणं घोगरं होतं, घसा बसलाय म्हणून औषधं चालतात, मग दम्याची वाफ सुरू होते. एखाद्या रात्री श्वासाला शिट्टी वाजू लागते तेव्हा कुठे दुर्बीण घशात उतरते आणि स्वरतंतूंवर तुतीसारखे घोस दिसतात. त्या वयात श्वासाची वाट जेमतेम काही मिलिमीटरची. घोस काढले की मूल मोकळा श्वास घेतं, आणि काही आठवड्यांत ते परत येतात.

१९७२मध्ये बोस्टनच्या स्ट्राँग आणि जाको यांनी स्वरयंत्रावर कार्बन डायऑक्साइड लेसर वापरला, तेव्हापासूनची पन्नास वर्षं म्हणजे हत्यारं बदलण्याचा इतिहास आहे. लेसरनंतर चामखीळ कातरून त्याच वेळी ओढून घेणारा मायक्रोडिब्रायडर आला. मधल्या काळात इंटरफेरॉनचा गाजावाजा झाला, पण त्याचा गुण टिकला नाही. पुढे सिडोफोविर आणि बेव्हॅसिझुमॅब ही औषधं आली. यांनी मुलं जगली, गळ्याला भोक पाडून नळी बसवण्याची वेळ अनेकांवरून टळली, हे कमी नाही. पण यातलं काहीही या चामखिळींमागच्या विषाणूला मुळातून काढत नाही. चामखीळ दिसत नाही अशा शेजारच्या अस्तरातही तो दबा धरून असतो. एचपीव्ही ६ आणि ११ हे त्याचे प्रकार, आणि बाळाला तो बहुधा प्रसूतीच्या वेळी आईकडून मिळतो. सिझेरियननेही खात्रीचं संरक्षण होत नाही. थोडक्यात, या आजाराचा निकाल मूल जन्मण्याआधी लागतो.

तो निकाल लावणारी लस २००६मध्ये आली. एचपीव्हीच्या ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवरची. ऑस्ट्रेलियाने २००७पासून मुलींना ती दिली. तिथे २०१२ ते २०१६ या पाच वर्षांत या आजाराची नवी मुलं नोंदली गेली फक्त १५, आणि त्यांतल्या एकाच्याही आईने गरोदरपणाआधी लस घेतलेली नव्हती. आपल्याकडे त्याच काळात काय झालं? २०१०च्या एप्रिलमध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एचपीव्ही लसीकरणाच्या प्रकल्पावरून वादळ उठलं आणि सरकारी आदेशाने लसीकरण थांबलं. त्या प्रकल्पात लस घेतलेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. संमती घेण्यातल्या त्रुटी मात्र खऱ्या होत्या, आणि त्यावरचा राग रास्तच होता. त्याच आदेशाने बार्शी, पुणे, दिल्ली अशा केंद्रांवर चाललेला याच लशीचा दुसरा अभ्यासही अर्धवट राहिला. सुमारे ४,९५० मुलींना एकच डोस मिळाला, आणि पुढे एकच डोस पुरतो याचा मोठा पुरावा त्यांच्यातूनच मिळाला. असा योगायोग कुणी ठरवून आणू शकला नसता. तरी तो पुरावा १६ आणि १८ या कर्करोग घडवणाऱ्या प्रकारांचा आहे. घशाच्या बाबतीत त्यावर तितकंच विसंबणं घाईचं ठरेल.

आक्षेप असा, की लाखात मोजक्या मुलांना होणाऱ्या आजारासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखायचा का? नाहीच आखायचा. गर्भाशयमुखाचा कर्करोग हे कारण एकटंच पुरेसं आहे. पण लस निवडताना प्रश्न उरतोच. फक्त १६ आणि १८वर चालणारी दोन प्रकारांची लसही बाजारात होती, आणि कर्करोगापुरता हिशेब केला तर तिच्यात उणं काही दिसत नाही. चार प्रकारांच्या लशीचा एक जादा फायदा या मुलांच्या घशात आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची २०२३मध्ये बाजारात आलेली सर्व्हावॅक चार प्रकारांचीच आहे, म्हणजे परदेशी लस महाग पडते ही सबबही आता पूर्वीइतकी चालत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: आज नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना लस दिली तर फळ दिसायला दहा-पंधरा वर्षं लागतील, तोवर काय? तोवर थिएटर आहेच, भूलही आहे. मात्र फळ ओळखायचं तर मोजणी आतापासून हवी, आणि आजार दुर्मिळ असण्याचा इथे उपयोगच होतो. अशी मुलं फिरतफिरत शेवटी एम्ससारख्या मोजक्याच दारांशी येतात. तिथल्या केसपेपरवर आईचं जन्मवर्ष आणि तिने लस घेतली होती का, एवढे दोन रकाने वाढवले तरी काम सुरू होईल.