मुद्रितशोधन आणि हस्तलिखिताचे संस्करण

शाळेचा वार्षिक अंक अथवा स्मरणिका छापावयाची ठरली, की आता केवळ ‘शुद्धलेखन तपासणे’ उरले, असे पुष्कळ ठिकाणी समजले जाते. वस्तुतः मजकूर छापून निघण्यापूर्वी त्यावर दोन निरनिराळे संस्कार व्हावे लागतात. छापखान्याकडे जाण्यापूर्वी हस्तलिखितावर होते ते संस्करण. छपाईच्या व्यवहारात त्यास ‘कॉपी-एडिटिंग’ म्हणतात. अक्षरजुळणी झाल्यावर हाती येणाऱ्या कच्च्या छापावर, म्हणजे प्रुफावर, होते ते मुद्रितशोधन.

समजा, कुणकेश्वरच्या एखाद्या विद्यार्थ्याने तेथील यात्रेवर निबंध लिहिला आहे. त्यात तो म्हणतो की, महाशिवरात्रीस रात्रभर टिपूर चांदणे होते, दर्या खवळला होता आणि तीर्थस्नानासाठी देवस्वाऱ्या आल्या होत्या. यात शुद्धलेखनाची चूक एकही नाही. तथापि महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीस येते. त्या रात्री चंद्राची बारीक कोर पहाटेच्या सुमारास कशीबशी उगवते. टिपूर चांदणे कोठून असणार? ही विसंगती हेरणे हे संस्करण करणाराचे काम. परंतु ती हेरून त्याने परभारे ‘चांदणे’ खोडून ‘अंधार’ लिहावे, असा याचा अर्थ नव्हे. समासात प्रश्न लिहून त्याने तो लेखकाला विचारावा. कदाचित मुलाच्या मनात यात्रेतील दिव्यांचा लखलखाट असेल, आणि मग मूळ वाक्याहून सरस वाक्य त्याच्याच लेखणीतून उतरेल.

याच निबंधात मासेमारीच्या जाळ्यास एकदा ‘रापण’ व एकदा ‘रांपण’ म्हटले असेल, तर दोन्ही रूपे रूढ असल्याने त्यांतील एक ठरवून अंकभर तेच ठेवणे हेही संस्करणच. असे निर्णय एका कागदावर टिपून ठेवले म्हणजे पुढे घोटाळा होत नाही.

मुद्रितशोधकाची दृष्टी निराळी असते. त्याच्यापुढे एका हाताला मान्य झालेले हस्तलिखित व दुसऱ्या हाताला प्रूफ असते. मजकूर चांगला आहे की नाही, हे त्याने पाहावयाचे नसते. हस्तलिखितात आहे तेच उतरले आहे काय, एवढेच पाहावयाचे असते. सुटलेली ओळ, दोनदा पडलेला शब्द, चुकलेला पृष्ठांक त्याने धरावा. संगणकावर एका टंकातून दुसऱ्या टंकात मजकूर नेताना जोडाक्षरे बिघडतात, तिकडेही त्याचे लक्ष हवे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. एका रफाराच्या फरकाने समुद्र डोंगरात जातो. ‘दिन’ व ‘दीन’ हे दोन्ही शब्द शुद्ध असल्याने संगणकाची तपासणी तेथे मूग गिळून बसते.

मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले व १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. हे नियम दोघांनाही बांधतात. मात्र नियमांच्या नावाखाली बोलीवर बोळा फिरवणे सर्वस्वी गैर होय. आजीच्या तोंडचे ‘येवा’ पुसून तेथे ‘या’ लिहिले, किंवा ‘देवस्वाऱ्या’ काढून ‘पालख्या’ घातल्या, तर निबंध शुद्ध न होता परका होतो. आपले शब्द छापण्याजोगे नाहीत, अशी मुलाची एकदा समजूत झाली, की पुढच्या वर्षी ते लिहावयास धजत नाही. लेखकाला न विचारता फिरलेली तांबडी शाई अशी फार महाग पडते.

मराठीत या कामाचा आदर्श ‘सत्यकथा’ मासिकाने घालून दिला. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन हे संपादक हस्तलिखित बारकाईने वाचून लेखकाशी पत्रव्यवहार करीत, सूचना करीत आणि पुनर्लेखन त्याच्यावरच सोपवीत. हे मासिक १९८२ मध्ये बंद झाले.

संस्करणाची दुरुस्ती प्रुफावर करू नये, यामागे व्यावहारिक कारणही आहे. खिळे जुळविण्याच्या काळी मध्येच एक शब्द घातला, तर परिच्छेदाच्या शेवटापर्यंत ओळी पुन्हा जुळवाव्या लागत. आज ते श्रम वाचले. तरी वाढलेला मजकूर पुढच्या पानावर सरकतो, अनुक्रमणिकेतील पृष्ठांक चुकतात आणि नव्या शब्दांतील चुका तपासावयास कोणी उरत नाही.

लहान शाळेत ही दोन्ही कामे बहुधा एकाच शिक्षकाकडे येतात. अशा वेळी ती निदान दोन निरनिराळ्या दिवशी करावीत. प्रूफ वाचताना एखाद्या विद्यार्थ्याने हस्तलिखित विरामचिन्हांसह मोठ्याने वाचावे व शिक्षकाने छापील ओळीवर बोट ठेवून ऐकावे. निबंध ज्याचा, त्यालाच वाचावयास बसविले तर उत्तम. ‘देवस्वाऱ्या’ कोठे गळल्या असतील, तर तो तेथेच थांबेल.